खराब बियाणे : पोलिसांचा अधिकार कोठे संपतो?

मृगाचा पाऊस झाला, वाफसा आला, तिफण फिरली आणि आठवडा लोटून गेला. तरीही शेत काळेच्या काळेच राहिले, तर शेतकऱ्यावर ओढवलेले संकट केवळ एका पिशवीच्या किमतीचे नसते. नांगरट, खत, मजुरी आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेरणीचा नेमका काळ, हे सारे त्या बियाण्याबरोबर मातीत गेलेले असते. दुबार पेरणीसाठी कर्ज काढून पैसा उभा करता येतो. सरलेले नक्षत्र परत आणता येत नाही. अशा वेळी संतप्त झालेला माणूस प्रथम दुकानदाराकडे आणि तेथून पोलीस ठाण्याकडे धाव घेतो, हे अगदी स्वाभाविक आहे.

ठाण्यात मात्र त्याला दोहोंपैकी एक अनुभव येतो. कधी त्याला सांगण्यात येते, की हे प्रकरण आमच्या कक्षेत येत नाही, कृषी अधिकाऱ्याकडे जा. मग पोलीस आणि व्यापारी यांचे संगनमत आहे, अशी त्याची समजूत होते. कधी याच्या उलट घडते. लोकांचा क्षोभ पाहून तत्काळ गुन्हा नोंदविला जातो, दुकानाला टाळे लागते. परंतु पुढे न्यायालयात ते प्रकरण उभे राहू शकत नाही आणि आरोपी सुटतो. या दोन्ही अनुभवांचे मूळ एकच आहे. बियाण्याच्या बाबतीत कायद्याने पोलिसांकडे काय सोपविले आहे आणि काय सोपविलेले नाही, याची स्पष्ट कल्पना फारच थोड्यांना असते. ती कल्पना असणे ही शेतकऱ्याची पहिली गरज आहे. कारण चुकीच्या दाराशी घालविलेला प्रत्येक दिवस त्याच्या पुराव्यातून वजा होत असतो.

१९६३ साली राष्ट्रीय बीज निगमाची स्थापना झाली. त्या दशकात संकरित ज्वारी, संकरित मका आणि बुटक्या जातीचे गहू खेडोपाडी पोहोचू लागले. तोपर्यंत बहुतेक शेतकरी घरच्या कणगीतले बी पेरीत असत. आता बी ही बाजारात विकत घेण्याची वस्तू झाली, आणि बंद पिशवीत काय आहे हे डोळ्यांनी ओळखण्याचा मार्ग खरेदीदारापाशी उरला नाही. या परिस्थितीत संसदेने बियाणे अधिनियम, १९६६ संमत केला. १ ऑक्टोबर १९६९ पासून त्याची अंमलबजावणी सुरू झाली.

या अधिनियमाची रचना साधी आहे. सरकार ज्या जाती व वाण अधिसूचित करते, त्यांच्यासाठी उगवणशक्तीची आणि शुद्धतेची किमान मर्यादा ठरविण्यात येते. त्या मर्यादेत न बसणारे बी विकणे, अथवा पिशवीवर खरे लेबल न लावता ते विकणे, हे सातव्या कलमाने निषिद्ध ठरविले आहे. प्रमाणीकरण ऐच्छिक आहे. लेबल मात्र सक्तीचे आहे. म्हणूनच प्रमाणित बियाण्याच्या पिशवीला निळा टॅग असतो, तर उत्पादकाने स्वतःच्या जबाबदारीवर विकलेल्या, म्हणजे सत्यतादर्शक बियाण्याला हिरवट लेबल असते. एखाद्या शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात पिकविलेले बी स्वतःच्याच जागेवरून दुसऱ्या शेतकऱ्याला पेरणीसाठी थेट दिले, तर त्या व्यवहाराला चोविसाव्या कलमाने या अधिनियमातून वगळले आहे. शेजाऱ्याने दिलेल्या पायलीभर बियाण्यासाठी शेजाऱ्यावर या कायद्याचा बडगा उगारता येत नाही.

आता या कायद्याची अंमलबजावणी कोणी करावयाची? तेराव्या कलमाने त्यासाठी बियाणे निरीक्षक हे पद निर्माण केले आहे. दुकानात अथवा गुदामात प्रवेश करणे, झडती घेणे, नमुना काढणे, संशयित साठ्याची विक्री जास्तीत जास्त तीस दिवसांपर्यंत थांबविणे, कागदपत्रे ताब्यात घेणे, हे अधिकार त्याला आहेत. झडतीच्या वेळी गरज भासल्यास तो इतरांचे साहाय्य घेऊ शकतो, आणि पोलीस अनेकदा दुकानात दिसतात ते या नात्याने. परंतु अशा वेळी तपास निरीक्षकाचा असतो. पोलीस केवळ मदतीस असतात.

नमुना काढण्याची रीतही कायद्याने बारकाईने आखून दिली आहे. ज्याच्याकडून नमुना घ्यावयाचा त्याला निरीक्षकाने तशी लेखी सूचना द्यावयाची, शक्यतो दोन व्यक्तींना समक्ष बोलवावयाचे, आणि नमुन्याचे तीन भाग करून ते मोहोरबंद करावयाचे. एक भाग विक्रेत्याला मिळतो, दुसरा बीज विश्लेषकाकडे जातो आणि तिसरा निरीक्षकाजवळ सुरक्षित राहतो. हा तिसरा भाग निरर्थक नव्हे. खटला उभा राहिल्यावर आरोपीला किंवा फिर्यादीला पहिला अहवाल मान्य नसेल, तर ठरलेली फी भरून नमुना केंद्रीय बीज प्रयोगशाळेकडे पाठविण्याची मागणी न्यायालयाकडे करता येते. हे काम २००७ पासून वाराणसी येथील राष्ट्रीय बीज संशोधन व प्रशिक्षण केंद्राकडे सोपविण्यात आले. त्या प्रयोगशाळेचा अहवाल आला की आधीचा अहवाल बाद होतो आणि नवा अहवाल त्याची जागा घेतो.

एवढा खटाटोप कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. शेत उगवले नाही हे तर उघड्या डोळ्यांनी दिसते. मग प्रयोगशाळा हवी कशाला? याचे उत्तर सोयाबीनच्या उदाहरणाने चांगले समजते. सोयाबीनसाठी उगवणशक्तीची किमान मर्यादा शेकडा ७० आहे. भातासाठी ती ८० आणि गव्हासाठी ८५ आहे. म्हणजे सोयाबीनच्या शंभर दाण्यांपैकी तीस दाणे उगवले नाहीत, तरी ते बी कायद्याच्या दृष्टीने निर्दोष असू शकते. शिवाय या दाण्याचे टरफल नाजूक असते. मळणीच्या वेळी अथवा पोत्यांची आदळआपट झाल्यास ते दुखावते. पुरेसा पाऊस होण्याआधीच पेरणी केली, बी फार खोल पडले, पेरणीनंतर ताण पडला किंवा मुसळधार पावसाने जमिनीवर कडक पापुद्रा धरला, तर उत्तम बीसुद्धा वर येत नाही. उलटपक्षी, हवामान अनुकूल असेल तर दुय्यम प्रतीचे बीही बऱ्यापैकी उगवून आल्याचा भास निर्माण करते. शेताकडे पाहून बियाण्याचा निवाडा करता येत नाही, तो एवढ्याचसाठी. प्रयोगशाळेत ४०० दाणे ठरावीक उष्णतेत व ओलाव्यात ठेवून मोजले जातात, तेव्हाच बियाण्याचा दोष कोणता आणि आभाळाचा कोणता, हे वेगळे करता येते. पोलीस अंमलदार कितीही प्रामाणिक असला, तरी हे काम त्याच्या शिक्षणातले नाही.

पोलिसांची दुसरी मर्यादा फौजदारी प्रक्रियेतून येते. १९६६ च्या अधिनियमातील एकोणिसाव्या कलमाने पहिल्या अपराधासाठी फक्त ५०० रुपयांपर्यंत दंड ठरविला. पुन्हा तोच अपराध केल्यास सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा १,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा. ज्या विशेष कायद्याने गुन्हा दखलपात्र आहे की नाही हे स्वतः सांगितलेले नाही, त्याच्या बाबतीत फौजदारी प्रक्रियेची अनुसूची पाहावी लागते. तीन वर्षांहून कमी कारावासाचा किंवा केवळ दंडाचा गुन्हा हा अदखलपात्र व जामीनपात्र, असा तेथील सामान्य नियम आहे. १९७३ च्या संहितेत तो होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही तो कायम राहिला.

अदखलपात्र म्हणजे दखल घेण्यास अपात्र नव्हे. ठाणे अंमलदाराने फिर्यादीचे म्हणणे आपल्या नोंदवहीत लिहून घेतलेच पाहिजे आणि त्याला दंडाधिकाऱ्याकडे जाण्यास सांगितले पाहिजे. परंतु नव्या संहितेच्या कलम १७४ प्रमाणे दंडाधिकाऱ्याच्या आदेशावाचून पोलिसाला तपास सुरू करता येत नाही. आदेश मिळाल्यावर तपासाचे अधिकार मिळतात. तथापि अधिपत्राशिवाय अटक करण्याचा अधिकार त्यानंतरही मिळत नाही. त्यातही एक अडचण उरते. पोलिसाने पंचनामा करून उचललेली पिशवी म्हणजे अधिनियमाच्या रीतीने तीन भागांत मोहोरबंद केलेला नमुना नव्हे. त्या रीतीला फाटा मिळाला की आरोपीचा फेरतपासणीचा हक्क हिरावला गेला, असा आक्षेप घेण्यास मोकळीक मिळते, आणि खटल्याचा पायाच डळमळतो.

औषधांच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली असा निर्णय दिला, की औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियमाच्या चौथ्या प्रकरणातील गुन्ह्यांसाठी पोलिसांना गुन्हा नोंदवून तपास करता येत नाही. ते काम औषध निरीक्षकाचे आहे. बियाण्यांची स्थिती अगदी तशीच आहे असे मात्र समजू नये. औषधांच्या कायद्यात खटला कोणी दाखल करावा हे नावानिशी लिहिलेले आहे. बियाणे अधिनियमात तसे वेगळे कलम नाही. तेथे पोलिसांचा हात आवरला जातो तो गुन्ह्याच्या अदखलपात्र स्वरूपामुळे आणि नमुन्याच्या खास पद्धतीमुळे.

मग पोलिसांना काहीच करता येत नाही काय? तसेही नाही. बी वाईट असणे आणि विकणारा लबाड असणे हे दोन निराळे प्रश्न आहेत. पहिला प्रश्न प्रयोगशाळेचा, दुसरा पोलिसांचा. एका दुकानदाराने कंपनीकडून आलेली बंद पिशवी जशीच्या तशी विकली. लेबलावर उगवणशक्ती ७० लिहिली होती आणि तपासणीत ती ६२ भरली. येथे अधिनियमाचा भंग झाला, यात शंका नाही. पण दुकानदाराने जाणूनबुजून फसविले, असे एवढ्यावरून म्हणता येत नाही. दुसऱ्या एकाने बाजार समितीतून खाण्याचे सोयाबीन घेतले, छापील पिशव्यांत भरले, वर खोटा लॉट नंबर घालून शिलाई मारली आणि बियाणे म्हणून विकले. येथे आरंभापासूनच कपट आहे. हा फसवणुकीचा गुन्हा होय. पूर्वीच्या दंड संहितेत त्यासाठी कलम ४२० होते. आता भारतीय न्याय संहितेचे कलम ३१८ आहे. तो दखलपात्र आहे, त्याला सात वर्षांपर्यंत कारावास आहे, आणि पोलीस त्याचा तपास कोणाच्याही आदेशावाचून करू शकतात.

परवान्याची बाबही अशीच आहे. बियाणे (नियंत्रण) आदेश, १९८३ हा जीवनावश्यक वस्तू अधिनियम, १९५५ च्या आधारे काढण्यात आला. परवान्याशिवाय बियाणे विकणे, साठा व भाव यांचा फलक न लावणे, पावती न देणे हे त्या आदेशाचे उल्लंघन ठरते. आणि १९५५ च्या त्या अधिनियमाखालील गुन्हे दखलपात्र आहेत. नामांकित कंपनीची बनावट पिशवी सापडली, तर व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ लागू पडतो. मात्र त्याखाली अधिपत्राशिवाय झडती घेणारा पोलीस अधिकारी उपअधीक्षकाच्या खालच्या दर्जाचा असता कामा नये, आणि झडतीपूर्वी त्याने व्यापारचिन्ह निबंधकाचे मत घेणे आवश्यक असते.

एकाच प्रकरणात एक गुन्हा दखलपात्र आणि दुसरा अदखलपात्र असेल, तर संपूर्ण प्रकरण दखलपात्र समजले जाते. याच तरतुदीचा आधार घेऊन अनेकदा बियाणे अधिनियमाच्या जोडीला फसवणुकीचे कलम लावले जाते. कपटाचा काही पुरावा असेल तर ते योग्यच आहे. परंतु केवळ अटक करता यावी म्हणून ते कलम चिकटविले, तर प्रकरण टिकत नाही. व्यवहाराच्या आरंभीच फसविण्याचा हेतू होता हे दाखविल्याशिवाय फसवणूक सिद्ध होत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने पुनःपुन्हा सांगितले आहे.

पोलिसी अधिकार ताणला गेला म्हणजे काय होते, याचे एक बोलके उदाहरण तेलंगणातील आहे. निकृष्ट मिरची बियाणे विकल्याच्या आरोपावरून एका विक्रेत्याला तेथील प्रतिबंधक स्थानबद्धतेच्या कायद्याखाली गुंड ठरवून तुरुंगात ठेवण्यात आले होते. २०१७ साली सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश रद्द केला. फसवणूक, बियाणे अधिनियम, जीवनावश्यक वस्तू अधिनियम असे सर्वसामान्य कायदे उपलब्ध असताना असा असाधारण अधिकार वापरणे हा त्या अधिकाराचा दुरुपयोग होय, असे न्यायालयाने ठरविले. त्या मिरचीच्या शेतकऱ्यांचे नुकसान खोटे होते, असा याचा अर्थ नव्हे. अर्थ एवढाच, की खऱ्या नुकसानीलाही कायद्याच्या योग्य वाटेनेच न्याय मिळावयाचा असतो.

तथापि ही मर्यादा न्याय्य वाटण्यासाठी तिची दुसरी बाजूही नीट चालली पाहिजे. पोलिसांना दूर ठेवले, तर निरीक्षकाने वेळेवर आले पाहिजे. जून २०२० मध्ये मराठवाड्यात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारींचा असा पूर आला, की वृत्तपत्रांतील बातम्यांवरून मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. आणि वेळेचा प्रश्न केवळ सोयीचा नाही. केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्याची दखल घेण्यास न्यायालयाला सहा महिन्यांचीच मुदत असते. जूनमध्ये विकलेल्या बियाण्याचा अहवाल आणि वरिष्ठांची संमती यांत वर्षअखेर उजाडली, तर ज्या खटल्यात फार तर ५०० रुपये दंड होणार होता, तोही उभा राहत नाही. निरीक्षकाची दिरंगाई ही अशा रीतीने अपराध्याची सुटका ठरते. हा कायदा बदलण्याचे प्रयत्न झाले नाहीत असे नाही. २००४ साली राज्यसभेत मांडलेले विधेयक संमत होऊ शकले नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय कृषी मंत्रालयाने नव्या विधेयकाचा मसुदा लोकांच्या सूचनांसाठी प्रसिद्ध केला, आणि गंभीर अपराधांसाठी त्यात पुष्कळ अधिक कडक शिक्षा सुचविण्यात आल्या.

परंतु शिक्षा कितीही वाढली, तरी दंडाची रक्कम सरकारी तिजोरीत जाते, शेतकऱ्याच्या हाती येत नाही, हे विसरून चालणार नाही. नुकसानभरपाईचे दार वेगळे आहे, आणि ते ग्राहक आयोगाचे. राष्ट्रीय बीज निगम आणि आंध्र प्रदेशातील शेतकरी यांच्यातील प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१२ साली स्पष्ट केले, की शेतकरी हा ग्राहक आहे आणि बियाणे अधिनियम अस्तित्वात असला तरी त्याला ग्राहक न्यायालयात जाता येते. पेरून टाकलेले बी शेतकऱ्याने तपासणीसाठी पुन्हा कोठून आणावे, हा प्रश्नही न्यायालयाने समजून घेतला. नमुना शेतकऱ्यापाशी नसेल, तर त्याच लॉटचे बी तपासणीसाठी सादर करणे कंपनीला शक्य असते, अशी भूमिका १९९८ च्या एका निर्णयातही घेतली गेली होती. तक्रार दोन वर्षांच्या आत करावी लागते. ज्या व्यवहाराची किंमत पाच लाख रुपयांपर्यंत आहे, त्याच्या तक्रारीस फी पडत नाही. सीमाभागातील वाचकांनी एक गोष्ट विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कोल्हापूरच्या बाजारात घेतलेले बी खानापूरच्या शिवारात पेरले, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण अधिनियमाप्रमाणे तक्रार शेतकऱ्याला स्वतःच्या निवासाच्या जिल्ह्यात करता येते. दुकानाच्या गावी खेटे घालावे लागत नाहीत. नोंदणी झालेल्या वाणाने उत्पादकाने सांगितल्याप्रमाणे पीक दिले नाही, तर वनस्पती वाण संरक्षण आणि शेतकरी हक्क अधिनियम, २००१ च्या एकोणचाळिसाव्या कलमाखालीही भरपाई मागता येते.

या सर्व दारांशी विचारला जाणारा पहिला प्रश्न एकच असतो : तुमच्यापाशी पुरावा काय आहे? म्हणून खरी तयारी पेरणीपूर्वी व्हावयास हवी. पावती घेतल्यावाचून पिशवी उचलू नये, आणि पावतीवर वाणाचे नाव व लॉट नंबर आहे ना, हे पाहून घ्यावे. शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत व किती मोड येतात ते पाहावे. ही घरगुती चाचणी पुरावा म्हणून चालत नसली, तरी मोठ्या नुकसानीपासून वाचविते. पिशवी वरून न फोडता खालच्या बाजूने उघडावी, म्हणजे टॅग, लेबल आणि शिलाई शाबूत राहते. मूठ-दोन मुठी बी त्याच पिशवीत बाजूला ठेवावे.

इतके करूनही शेत उगवले नाही, तर दुबार पेरणीचा नांगर घालण्यापूर्वी लेखी तक्रार करावी आणि तिची पोच घ्यावी. महाराष्ट्रात ती तालुका कृषी अधिकारी अथवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्याकडे द्यावी. कर्नाटकात रयत संपर्क केंद्रातून आरंभ करता येतो. बियाणे नियम, १९६८ मधील नियम २३-अ प्रमाणे अशी लेखी तक्रार आल्यावर लेबल, पिशवी व उरलेले बी ताब्यात घेऊन पीक फसण्याचे कारण शोधणे हे बियाणे निरीक्षकाचे कर्तव्य ठरते. ती त्याची मेहेरबानी नव्हे. लेबल बनावट दिसले, विक्रेत्याकडे परवाना नसला, किंवा पावती देण्यास त्याने नकार दिला असला, तर तेवढा भाग वेगळा लिहून पोलीस ठाण्यातही फिर्याद द्यावी. फिर्यादीत बी उगवले नाही एवढेच न लिहिता, कोणते असत्य सांगून ते विकले गेले, हे लिहावे. ठाणेदाराला ज्याचा तपास करण्याचा अधिकार आहे, तेच त्याच्यापुढे ठेवले, म्हणजे हे आमच्याकडे येत नाही असे म्हणून त्याला शेतकऱ्याची बोळवण करता येत नाही.